आपण अजून रांगेत आहात

नाही, मला एक सांगा, रांग कधी मागे जाते का हो? पुढे जाते. हळू जाते, रडतखडत जाते, खिडकीतला माणूस चहाला उठला की खोळंबते, सगळं मान्य! पण मागे? काल तुमचा नंबर तीन, आणि आज सकाळी दात घासताना बघता तर नऊ? नऊ! मधे सहा माणसं आली कुठून? आभाळातून पडली? आणि कंपनीला फोन लावावा तर ती गोड आवाजाची मुलगी काय म्हणते, "सर, आपला क्रमांक आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे." अगं बाई, सुरक्षित म्हणजे काय? लॉकरमध्ये ठेवायला दिला होता का मी तो? तो हलायला नको? म्हणजे हलतोय... हलतोय, नाही असं नाही... पण उलटा!

थांबा. तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा चष्मेवाला भलता तापट दिसतोय, याच्याकडे डोळे तपासायला जायला नको. मी तापट नाही हो. दिवसभर लोकांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून विचारतो, "हे स्पष्ट दिसतं की ते? आता? आणि आता?" आणि लोक म्हणतात, "दोन्ही सारखंच दिसतं." बावीस वर्षं! तापट माणसाला जमेल हे? पण या एका फोनने माझं जे काही केलंय ना...

फोन माझा नव्हे. बाबांचा.

आता बाबा म्हणजे काय प्रकरण होतं तेही सांगायला हवं. बाबा चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात खिडकी नंबर चारवर बसले. टोकन घ्यायचं, कागद उलटेपालटे करायचे, शिक्का हाणायचा आणि ओरडायचं, "पुढचा!" बास, हेच काम. पण आवाज असा की तीन नंबरच्या खिडकीवरची माणसं दचकून चार नंबरवर यायची. निवृत्त झाले, पण सवय कुठली सुटते? आम्ही जेवायला बसलो की एकाचं वाढून झालं की बाबा गरजणार, "पुढचा!" न्हाणीघरातून बाहेर पडले की पंचा खांद्यावर टाकून, "पुढचा!" माझी बायको नवी होती तेव्हा घाबरून आत पळायची. आणि गंमत बघा, इतकी वर्षं हजारो लोकांना रांगेत उभं केलेला हा माणूस स्वतः कधी रांगेत उभा राहिला नव्हता. वीज असो, पाणी असो, दवाखाना असो, प्रत्येक ऑफिसात ओळखीचा कुणीतरी असायचाच. "या हो, आतून या." निवृत्त झाले आणि एकेक ओळखीचे पण निवृत्त झाले, तशी बाबांना उत्सुकता लागली, की रांगेत उभं राहिलं की नक्की वाटतं कसं?

आणि तेवढ्यात तो फोन आला. तुम्ही बघितला असेल तो कार्यक्रम, अडीच तास एक माणूस स्टेजवर फिरत होता आणि दर दहा मिनिटांनी फोनचा एक कोपरा दाखवत होता, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते... कोपऱ्याला! बाबांनी सगळा कार्यक्रम पाहिला. फोनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी पाटी आली, 'आजच नोंदणी करा आणि रांगेतला आपला क्रमांक मिळवा', आणि बाबा ताडकन उठून बसले. रांग! खुर्चीत बसून! मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला फोन आहे की." बाबा म्हणाले, "फोन काय करायचाय? नंबर तर लागू दे."

लागला. चार हजार सोळा.

तुम्हाला सांगतो, माणूस परीक्षेत पहिला आल्यावर इतका खूश होत नाही. रोज सकाळी साडेनऊला, म्हणजे बरोब्बर ऑफिस उघडायच्या वेळेला, कंपनीचा निरोप यायचा, 'नमस्कार. आपण अजून रांगेत आहात. आपला क्रमांक अमुक.' आणि निरोप आल्याचं कळावं म्हणून बाबांनी फोनला आवाज कुठला लावला? स्वतःचा! बाकीच्या किणकिणाटी सुरावटी त्यांना ऐकू यायच्या नाहीत, म्हणून स्वतःचंच रेकॉर्ड करून ठेवलं. साडेनऊ वाजले की फोन गरजायचा, "पुढचा!" आणि बाबा दुसऱ्या खोलीतून ओ द्यायचे, "आलो!" स्वतःलाच! मग नंबर सगळ्या घरभर जाहीर व्हायचा. आईला सांगायचे, बायकोला सांगायचे, मला दुकानात फोन करून सांगायचे. "तीन हजार नऊशे!" "अरे, दोन हजारांच्या आत आलो!" मी म्हणायचो, "बाबा, दुकानात माणसं आहेत." ते म्हणायचे, "असू देत, त्यांनाही सांग."

एक दिवस दहाच्या सुमाराला दुकानात असाच फोन आला. माझ्यासमोर खुर्चीत एक बाई, डोळ्यात थेंब टाकलेले, मान वर केलेली. बाबा म्हणाले, "सहाशे अकरा! बघ, मी काय म्हणतो..." मी म्हटलं, "बाबा, नंतर."

दुपारी बाबा गेले. आपल्या टेबलापाशी बसल्या बसल्या. फोन हातात होता, असं आई म्हणते.

मी 'नंतर' म्हटलं. ते काय म्हणत होते ते काही मला कळलं नाही. तुम्ही म्हणाल, काय असणार, नंबरच सांगत असतील. असेल. पण "मी काय म्हणतो" म्हणून थांबलेलं वाक्य फार वाईट, तुम्हाला सांगतो. ते कानात तसंच राहतं, अर्धं. आंघोळ करताना आठवतं. चष्म्याचा स्क्रू पिळताना आठवतं.

बरं, माणूस गेला. आठवडाभर घर माणसांनी भरलं, बाबांचा फोन बंद पडून राहिला, मग घर रिकामं झालं. रडून झालं, कागदपत्रं सुरू झाली. आणि एका सकाळी साडेनऊ वाजता, मी बूट घालतोय, बायको डबा भरतेय, आणि बाबांच्या खोलीतून, "पुढचा!!"

बूट माझ्या हातातून उडाला. बायकोच्या हातून डब्याचं झाकण पडलं, ते गरागरा फिरत राहिलं, आणि ते फिरायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. आई मात्र शांत. म्हणाली, "निरोप आला असेल यांचा."

गेलो आत. फोन टेबलावर चार्जरला लावलेला. 'नमस्कार. आपण अजून रांगेत आहात. आपला क्रमांक चारशे दोन.'

आता हे रोज! मेलेल्या माणसाचा आवाज रोज सकाळी साडेनऊला हाक मारतोय, आणि हाक कशी, तर "पुढचा!" म्हणजे? पुढचा कोण? घरात वयाने बघितलं तर पुढची आई, आणि तिच्या पुढचा मीच की! मी ठरवलं, हे बंद. तो आवाज बदलायला मी फोन हातात घेतला, दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. नाही जमलं. मग म्हटलं, आवाज राहू दे, रांगच बंद करू, म्हणजे निरोपच यायचा नाही. लावला कंपनीला फोन.

"सर, नोंदणी फक्त ग्राहक स्वतः रद्द करू शकतात."

म्हटलं, "मॅडम, ग्राहक वारले."

"ओह. ऐकून फार वाईट वाटलं, सर." दोन सेकंद शांतता. मला वाटलं, आहे, माणुसकी आहे. "ते साधारण कधीपर्यंत उपलब्ध होतील?"

म्हटलं, "मॅडम, वारले म्हणजे गेले. ते उपलब्ध होणार नाहीत."

"काही हरकत नाही, सर. त्यांना वेळ मिळेल तेव्हा आम्हाला फोन करायला सांगा."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बरं, रद्द नाही होत ना? मग नंबर लागल्यावर फोन तरी मला मिळेल का? तर म्हणे, हो हो, घरचं कुणीही घेतलं तरी चालेल. म्हणजे घ्यायला कुणीही चालतं, नको म्हणायला मात्र मेलेला माणूस पाहिजे!

पण त्या रात्री जेवताना माझ्या मनात आलं, कशाला रद्द करायचं? बाबांची आयुष्यातली पहिली रांग. चार हजारांवरून चारशेवर आलेत. नेऊ की शेवटापर्यंत. नंबर लागेल, फोन येईल, तो बाबांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, "झालं बाबा तुमचं काम." मग निरोप आपोआप थांबतील, आणि माझ्या कानातलं ते अर्धं वाक्यही थांबेल कदाचित. तुम्हाला खरं सांगतो, एवढं एकच मला हवं होतं. फोन गेला खड्ड्यात!

मग मीच सकाळी साडेनऊची वाट बघायला लागलो. दोनशे. एकशे तीस. दर सोमवारी फोनांचा एक गठ्ठा निघायचा आणि मंगळवारी नंबर धपकन खाली यायचा. साठ! एकवीस! मी बायकोला दुकानातून फोन करायचो, "आज किती?" ती म्हणायची, "अहो, तुम्ही बाबांसारखं करायला लागलात." तीन आला त्या दिवशी मी दुकानात कुणालातरी फ्रेमवर सूट देऊन बसलो. तीन! आता पुढचा सोमवार की संपलं.

आणि दुसऱ्या दिवशी नऊ.

आता तुम्हीच सांगा, रांग कधी मागे जाते का? मी चष्मा पुसून बघितलं. नऊच. त्याच्या दुसऱ्या दिवशी चौदा. सोमवारी गठ्ठा निघाला, मंगळवारी सहा झाला, आणि बुधवारी परत सतरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, वशिलेबाजी! आमच्या बाबांच्या पुढे घुसवतायत माणसं! ज्या माणसाने चौतीस वर्षं खिडकीत कुणाला घुसू दिलं नाही, त्याच्याच रांगेत? लावला फोन.

"मॅडम, रांग मागे जाते का हो कधी?"

"सर, एक मिनिट हं, तपासून सांगते." तिथे संगीत लागलं. ते संगीत मला आता तोंडपाठ आहे, परवा रुग्णाच्या डोळ्यावर बॅटरी धरून मी तेच गुणगुणत होतो. मग मुलगी परत आली. "सर, आमच्याकडून काहीच चूक नाही. जागा आपल्याच बाजूने दिली जातेय."

"दिली जातेय म्हणजे?"

"सर, आपल्या स्क्रीनवर एक बटण आहे बघा, 'मागच्याला पुढे जाऊ द्या'. आमची सौजन्य योजना आहे. आपण ते दाबलं की आपल्या मागचे ग्राहक पुढे जातात आणि आपल्याला एक तारा मिळतो. आपल्याला एकतीस तारे मिळालेत, सर! अभिनंदन! काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपण अकरा वेळा जागा दिलीत."

म्हटलं, "कुणी दिली?"

म्हणाली, "ग्राहकांनी स्वतः."

दुपारची वेळ, दुकानात लख्ख उजेड, काचेच्या कपाटात दोनशे फ्रेमा माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण तीन दहा ही वेळ मला ठाऊक होती हो! बाबांच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी तीनला संपायची. बाबा खिडकीत येऊन बसायचे, घोटभर पाणी प्यायचे, आणि शिक्का उचलायच्या आधी उभे राहून सगळ्या रांगेवरून नजर फिरवायचे. "काठीवाले आधी या. कडेवर मूल असलेल्या, तुम्ही या. अहो, त्या आजोबांना येऊ द्या पुढे." रोज. तीन दहाला. मग काम सुरू. घरी येऊन सांगायचे, आज किती जणांना पुढे घेतलं ते.

घरी गेलो, बायकोला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, काहीतरीच काय! तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि हळूच म्हणाली, "अहो... बाबांचा फोन चार्ज कोण करतं?"

म्हटलं, "तू करतेस ना?"

"मला वाटलं, तुम्ही करता."

झालं! पाचावर धारण बसली दोघांची. त्यानंतर मी त्या खोलीत गेलो की जरा खाकरून जायचो. आत माणूस असल्यासारखा! आणि काय काय दिसायला लागलं म्हणता... संध्याकाळी खुर्ची टेबलापासून जराशी सरकलेली असायची. टेबलावर धूळ नाही. आणि बाबांचा चष्मा! तो चष्मा मी केलाय, त्याची काडी न् काडी मला माहीत. बाबा कायम डावी काडी आधी दुमडायचे आणि उजवी वर. आता उजवी खाली, डावी वर! तुम्हाला हसू येईल, पण आम्हा चष्मेवाल्यांना हे दिसतं. मेल्यावर माणसाची सवय बदलते का? आणि आता हा चष्मा घालून वाचतंय तरी कोण? रांग मागे का जाते ते सोडाच, मला भीती ही पडली की बाबा मुद्दाम नंबर लागू देत नाहीयेत. का? तर माझ्यासाठी थांबलेत. ते वाक्य पुरं करायचंय त्यांना. "मी काय म्हणतो..." आणि मी 'नंतर' म्हटलं होतं, म्हणून बिचारे नंतरची वाट बघत रांगेतच थांबलेत!

झोप उडाली. दुकानात चुका व्हायला लागल्या. एका सद्गृहस्थांना त्यांच्या बायकोचा चष्मा दिला, आणि ते तीन दिवस घालून हिंडले! वर म्हणाले, छान दिसतंय.

शेवटी मी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, समोरासमोर बघू. दुपारी अडीचला दुकानाचं शटर खाली ओढलं. बाबा गेले तो दिवस सोडला, तर बावीस वर्षांत पहिल्यांदा! शेजारच्या शिंप्याने विचारलं, "सगळं ठीक ना?" म्हटलं, "वडिलांना भेटून येतो," आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच. घरी आलो. चपला हातात घेतल्या. तीन वाजून आठ मिनिटं. बाबांच्या खोलीचं दार पुढे लोटलेलं, एक बोटभर फट. आतून पुटपुटल्यासारखा आवाज येतोय. मी फटीला डोळा लावला.

आत आई.

बाबांच्या खुर्चीत बसलेली. पाय जमिनीला नीट टेकत नाहीयेत. बाबांचा चष्मा डोळ्यावर, नाकावरून घसरतोय. फोन टेबलावर आडवा. आणि उजव्या हाताचं एक बोट ताठ करून, शिक्का मारल्यासारखं, बटण दाबतेय, आणि प्रत्येक वेळी म्हणतेय, "या, तुम्ही या पुढे." टक्. "तुम्ही पण या." टक्. "या हो, या, आम्हाला काही गडबड नाही." टक्.

मी दार ढकललं. काय बोललो असेन मी पहिलं? इतक्या दिवसांची भीती, राग, आणि तोंडातून काय निघावं? "आई, तो तुझ्या नंबरचा चष्मा नाही! डोळे दुखतील!"

आई दचकली नाही. चष्मा वर सरकवून म्हणाली, "बटणापुरतं दिसतं मला."

म्हटलं, "अगं, तू करतेस हे? मी तिकडे कंपनीशी भांडून भांडून घसा कोरडा करतोय! एका सोमवारचा प्रश्न होता. नंबर लागला असता!"

"म्हणूनच तर."

"म्हणूनच काय?"

आईने फोन पालथा ठेवला. म्हणाली, "नंबर लागला की माणूस निघून जातो. चौतीस वर्षं यांच्या तोंडून ऐकलंय मी. रांगेत असेपर्यंत तो आपला असतो, आपण त्याचं नाव विचारतो, कुठून आलात विचारतो. शिक्का बसला की तो वळतो, आणि त्याचा चेहरा पुन्हा दिसत नाही."

मी म्हटलं, "आई, बाबा गेले."

"मला माहीत आहे ते," आई म्हणाली. "मी होते घरात, तू नव्हतास." पुढे म्हणाली, "पेन्शनवाल्यांनी यांचं नाव काढलं. बँकेने काढलं. रेशनच्या कार्डावर आडवी रेघ मारली, माझ्यासमोर, पट्टी ठेवून. विजेचं बिल तुझ्या नावावर आलं. दारावरची पाटीसुद्धा तू रंगवायला म्हणून नेलीस, ती अजून आली नाही. सगळीकडे 'कैलासवासी' लिहून झालं. एक ही कंपनी तेवढी रोज सकाळी यांना नमस्कार घालते, आणि काय म्हणते? तूच वाच."

मी फोन उलटा केला. काय असणार? 'नमस्कार. आपण अजून रांगेत आहात.'

"अजून आहात म्हणते," आई म्हणाली. "दुसरं कोण म्हणतं मला असं?"

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो. तुम्हाला सांगतो, मी एवढा डोळ्यांचा माणूस, रोज पन्नास जणांचे डोळे बघतो, आणि घरात माझी आई रोज दुपारी एकटी या खोलीत येऊन बसते ते मला दिसलं नाही. भुताने यावं अशी माझी तयारी होती, पण आई असेल असं डोक्यातही आलं नाही. मला माझीच लाज वाटली. ते 'नंतर'चं मी आईला त्या दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, कुणालाच सांगितलं नव्हतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यांना तुला काय सांगायचं होतं ते मलाही नाही माहीत रे. असेल काहीतरी. तू एक काम कर, उरलेली तीन तू दाब. माझं बोट दुखतंय."

मी दाबली! काय करणार? "या पुढे. या. तुम्ही पण या."

तेव्हापासून सुखाने चाललं होतं हो. सोमवारी नंबर खाली यायचा, आठवड्यात आम्ही तो वर न्यायचो. मी दुपारी तीनला दुकान बंद करायला लागलो, बाहेर पाटी लावली, 'जेवणाची सुट्टी'. बायकोही यायची, म्हणायची, "आज मी दाबते." ताऱ्यांची संख्या तीनशेवर गेली. कंपनीने बाबांना प्रशस्तिपत्र पाठवलं! 'आमचे सर्वाधिक सौजन्यशील ग्राहक.' खाली त्या स्टेजवरच्या माणसाची सही. वरून त्या मुलीचा फोन, "सर, आम्हाला त्यांची छोटीशी मुलाखत घ्यायची होती, ते केव्हा उपलब्ध..." मी म्हटलं, "मॅडम, ते अजून रांगेत आहेत."

आणि मग दुष्टांनी काय करावं? नवीन फोन काढला! याच्या पुढचा! पुन्हा स्टेज, पुन्हा कोपरा, पुन्हा टाळ्या, आणि आमची भरलेली रांग... बघता बघता निम्मी लोकं उठून तिकडे गेली. मग पाऊण. आई रोज बटण दाबतेय आणि नंबर चढतच नाही. वीसच्या वर जाईना, मग दहाच्या वर जाईना. एका मंगळवारी बघितलं तर एक. आणि बटण फिकट झालेलं. दाबलं तर दाबलं जात नाही. खाली बारीक अक्षरात, 'आपल्या मागे कुणीही नाही.'

आईचा चेहरा उतरला. चष्मा काढून घडी घातली, उजवी खाली डावी वर, आणि तशीच बसून राहिली.

मी फोन लावला. "मॅडम, आमच्या मागे कुणी नसेल तर?"

"मग अभिनंदन, सर! येत्या सोमवारी आपला फोन निघेल. आता आठवड्याला एकच निघतो, तो आपला! आपण फार वाट पाहिलीत. मला माहीत आहे, सर, आपण किती वैतागला होतात."

म्हटलं, "मॅडम, घाई काय आहे?"

"सर?"

"नाही, म्हणजे... या जुन्या फोनची नोंदणी अजून चालू आहे का?"

"चालू आहे, सर. पण करत नाही हो कुणी."

मी केली. उभ्या उभ्या, दुकानात, गिऱ्हाईक बसवून ठेवून. नंबर दोन! बाबांच्या मागे मी. तीन दहाला घरी गेलो, आईने बटण दाबलं, म्हणाली, "ये, तू ये पुढे." मी एक, बाबा दोन. सोमवारी फोन निघाला, माझा. बाबा परत एकवर, मागे कुणी नाही. मग बायकोने नोंदणी केली. मग मेहुण्याने, आढेवेढे घेत. मग शेजारच्या शिंप्याने, त्याला मी दोन चष्मे फुकट करून दिले. आज आमच्या घरात आणि आसपास चार फोन आहेत, चारी नवे कोरे, चारी अगदी एकसारखे, कुणाचा कुठला ते कळत नाही, कालच मी मेहुण्याच्या बॉसशी दहा मिनिटं बोललो. आणि नातेवाईक संपले हो आता. म्हणून हल्ली मी असा भेटेल त्याला धरून सांगत सुटतो, लोक म्हणतात, या चष्मेवाल्याचं डोकं फिरलंय.

आज गुरुवार. सोमवारपर्यंत वेळ आहे. तुमच्यापैकी कुणाला फोन घ्यायचाय का हो? जुना आहे म्हणा, पण चांगला आहे, कोपरे वगैरे उत्तम आहेत. नाहीतरी कधीतरी घ्यालच ना? मग हाच घ्या. या आणि आमच्या मागे उभे राहा. आमचे बाबा तुम्हाला फार वेळ उभं नाही ठेवणार.